झाकून ठेवलेली भाकरी

"तेवढी खालची राहू द्या बाई, ती शमूची हाय," राहेलमावशी म्हणाली, आणि टोपल्यात गेलेला माझा हात तिथंच थबकला.

करंजवाडीच्या मिशन शाळेत मी त्याच दिवशी रुजू झाले होते. एस.टी.नं फाट्यावर सोडलं, तिथून पत्र्याची ट्रंक कधी डोक्यावर तर कधी कमरेवर घेत पाटाच्या कडेकडेनं चालत आले. पोटातले कावळे नुसते ओरडत नव्हते, भांडत होते. राहायची सोय राहेलमावशीच्या घरात केलेली होती, आणि तिनं जेवायला बसवलं तेव्हा दिवस अजून मावळायचा होता. पिठलं होतं, लसणाचा ठेचा होता आणि टोपल्यात ज्वारीच्या तीन भाकरी. माझी मी बघता बघता संपवली. मावशीनं माझ्याकडं पाहिलं, स्वतःच्या भाकरीतली अर्धी मोडून माझ्या ताटात टाकली, पण खालची मात्र फडक्यात गुंडाळून टोपलं झाकून टाकलं.

"शमू कधी येणार?" मी विचारलं. मला वाटलं, मुलगा कामावर गेला असेल.

"आला तर आजच," ती म्हणाली.

दिवस बुडता बुडता अंगणात कुणीतरी खाकरलं. हाच शमू असं समजून मी पदर सावरून बसले. दारात आला तो एक म्हातारा, एका डोळ्यानं अधू, खांद्याला छिन्नी-हातोड्याची पिशवी. तो कोंडाजी पाथरवट. जात्यांना टाकी लावायचा त्याचा धंदा, आणि गावोगाव पिठाच्या गिरण्या झाल्यापासून त्याला कुणी विचारत नव्हतं. मावशीनं फडकं सोडलं, मला नाकारलेली ती भाकरी वर पिठलं घालून त्याच्या हातावर ठेवली, पाण्याचा तांब्या दिला, आणि तो ओट्यावर बसून सावकाश जेवला. मी नव्या नोकरीवर आलेली, पहिल्याच दिवशी काय बोलणार? पण मनात म्हटलं, हा न्याय बरा आहे. लेकाची म्हणून पाहुणीला नाही आणि वाटेवरच्याला आहे.

शमूची हकिगत मला शाळेतल्या पोरांनीच सांगितली. वस्तीत ती सगळ्यांना पाठ होती. शमुवेल हा मावशीचा एकुलता एक मुलगा. मॅट्रिकला नापास झाला तेव्हा बापानं त्याला जेवायला बसलेला असताना विचारलं, फुकटचं गिळायला लाज कशी वाटत नाही. पोरगं ताटावरून उठलं. एक घास मोडलेली भाकरी तशीच टाकून, पायात चप्पलसुद्धा न घालता गेलं, ते गेलंच. बाप त्या एका वाक्यानं खंगत गेला आणि वारला. मावशी राहिली. त्या दिवसापासून शमूच्या नावाची एक भाकरी तिनं कधी चुकवली नाही. दिवस बुडेपर्यंत ती झाकून ठेवायची, आणि शमू आला नाही की जो कुणी दारात येईल त्याला द्यायची. ऊसतोडीची माणसं, कासारणी, बैलबाजारातले वाट चुकलेले दलाल, सगळ्यांनी ती खाल्लेली होती. कुणीच आलं नाही तर मावशी भाकरी घेऊन फाट्यापर्यंत जायची आणि कुणाला तरी गाठायचीच. वस्तीतली पोरं म्हणायची, राहेलआजी माणसं धरून आणून जेवू घालते.

आमच्या ख्रिस्ती घरांतून पीठ मळायच्या आधी एक मूठ वेगळ्या गाडग्यात टाकायची रीत आहे. ती प्रभूची मूठ. दर रविवारी ती मंदिरात, म्हणजे चर्चमध्ये, न्यायची, आणि मंडळीतर्फे ते पीठ गरजूंना वाटलं जातं. मंडळीच्या पाळकसाहेबांनी एकदा मावशीला गोडीगुलाबीनं सुचवलं की दानधर्म असा परस्पर करण्यापेक्षा मंडळीमार्फत झाला तर शिस्त राहते. मावशी म्हणाली, "प्रभूची मूठ मी आणतेच की साहेब. ही माझ्या लेकाची हाय. लेकाचं जेवण मंदिरात कशाला आणू?" पाळकसाहेब चहा पिऊन गेले आणि पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत.

पहिल्याच रविवारी आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. उपासनेत प्रभूची प्रार्थना सगळे एका सुरात म्हणतात. रोजच्या भाकरीची ओळ आली की मावशीचा आवाज चढायचा आणि ती सगळ्यांच्या एक शब्द पुढं निघून जायची. विसरभोळ्या माणसाला सांगितलेलं काम पुन्हा सांगावं, तशी ती ओळ ती देवाला सांगायची. बायका एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. मावशीला त्याचं काही नव्हतं.

मी स्वतः बोर्डिंगात वाढलेली. आई माझ्या जन्माच्या वेळीच गेली, बापानं दुसरं घर केलं. बोर्डिंगात घंटा झाली की जेवण, घंटेला हजर नसलात तर नाही. त्यात कुणाचा दुष्टपणा नव्हता, एवढ्या पोरींत कोण कुणाची वाट बघत बसणार? पण मावशीच्या टोपल्यावरचं ते फडकं बघितलं की मला आत कुठंतरी दुखायचं. आपल्याला यायला उशीर व्हावा, आपल्या नावाची भाकरी कुणीतरी झाकून ठेवावी आणि दाराकडं बघत बसावं, एवढंच मला जन्मभर हवं होतं. शमूचा मला हेवा वाटायचा. न पाहिलेल्या माणसाचा हेवा, पण अगदी खरा. हे मी कधी कुणाजवळ बोलले नाही, मावशीजवळ तर नाहीच.

हळूहळू मी 'सुगंधाबाई'ची 'पोरी' झाले. सुट्टीच्या दिवशी ती माझ्या डोक्याला तेल थापायची आणि केसांना नावं ठेवायची. आजारी पडले तर कपाळावर हात ठेवून प्रार्थना करायची आणि आमेन म्हटल्या म्हटल्या औषध घेतलं का म्हणून दरडावायची. माझी बदली नगरला होत होती, ती मी खटपट करून थांबवली. मुख्याध्यापकांना वाटलं मला खेड्याची आवड आहे.

अशी चारेक वर्षं गेली, आणि फाल्गुनातल्या एका शनिवारी दुपारी शमू आला.

मावशी अंगणात गहू निवडत बसली होती. मी पायरीवर वह्या तपासत होते. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, हातात रेक्झिनची बॅग, असा एक माणूस बाभळीखाली येऊन उभा राहिला आणि पुढं येईना. मावशीनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं. सूप मांडीवरून खाली ठेवलं.

"आलास?"

"आलो."

"हातपाय धू."

एवढंच. मला वाटलं आता रडारड होईल. मावशी आत गेली आणि तिनं भरदुपारी चूल पेटवली. तिची भाकरी नेहमी चंद्रासारखी गोल, पण त्या दिवशी थापता थापता तीनदा मोडली. शमू जेवला. ती समोर बसून त्याच्या हाताकडं बघत राहिली. मग वस्ती लोटली. कुणी साखर आणली, कुणी जुन्या खोड्या काढल्या, आणि पाळकसाहेबांना दुसऱ्या दिवशीचा उपदेश आयताच मिळाला. मी माझ्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. आनंद मलाही झाला होता, खोटं कशाला सांगू, पण त्याच्यापाठोपाठ भीतीही आली होती. हा तिला घेऊन जाणार.

रविवारी उपासनेहून आल्यावर आम्ही तिघं जेवायला बसलो. शमूनं सांगितलं की भिवंडीला तो यंत्रमागावर कामाला आहे, लग्न झालंय, बायकोला दिवस गेलेत. बाप गेल्याचं कानावर आलं तेव्हा तोंड दाखवायची हिंमत झाली नाही, आता स्वतः बाप व्हायची वेळ आली तेव्हा राहवलं नाही. मावशी ऐकत होती. मग तिनं त्याच्या ताटात आमटी वाढली आणि विचारलं, "तिकडं तुला जेवू कोण घालायचं रे?"

विचारताना तिचा चेहरा इतका उजळला होता की मला लगेच कळलं, तिला नावं हवी आहेत. नावं कळली की ती रोज त्या माणसांसाठी प्रार्थना करणार होती.

"कुणी न्हाई," शमू म्हणाला.

"आरं, लगीन व्हायच्या आधी. काम न्हवतं तवा."

"तवाचंच सांगतो."

तो खाली मान घालून सांगू लागला. आधी तो सुरतेला गेला होता. स्टेशनवरच्या नळाचं पाणी पिऊन काढलेले दिवस. खानावळीत ताटं घासताना उष्टं तोंडात टाकलं म्हणून पडलेला मार. तापानं फणफणून एका बोळात पडला होता, तेव्हा कुत्र्यापुढं टाकलेला पाव त्यानं उचलला होता. "हात पसरला तर लोकं तोंड फिरवायची," तो म्हणाला. "एकानं बी म्हटलं न्हाई, ये, बस, खा."

मावशीचा घास हातातच राहिला. मग ती जे बोलली ते मी तिच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं. शमू गेला त्या दिवशी तिनं देवाला एकच गोष्ट सांगितली होती: मी रोज परक्याचं लेकरू जेवू घालते, तू माझं घाल. दारात कुणी जेवत असलं की तिची खात्री असायची, ह्याच घडीला तिकडं कुणाच्या तरी ओट्यावर शमू जेवतोय. त्या खात्रीवर तिनं नवऱ्याचं मरण सोसलं, एवढी वर्षं काढली. सांगताना ती शमूकडं नाही, हातातल्या घासाकडं बघत होती.

शमू हसला, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "म्हंजी माझी भाकर गावानं खाल्ली आन् मी उपाशी. झ्याक सौदा केलास, आई."

मावशीनं घास ताटात ठेवला आणि ती उठली. ताटावरून उठलेलं माणूस ह्या घरात पुन्हा बघायला मिळेल असं मला वाटलं नव्हतं.

ती दुपारभर चुलीपाशी भिंतीला टेकून बसून राहिली. मी दोनदा डोकावले, तिनं वर पाहिलं नाही. मला तिच्याजवळ जाऊन बसायचं होतं, पण काय म्हणणार? देवाची बाजू घ्यायची माझी लायकी नव्हती, आणि त्याच्याविरुद्ध बोलायची तिच्यापुढं छाती नव्हती. उन्हं कलल्यावर तिनं चूल पेटवली. प्रभूची मूठ गाडग्यात टाकली. मी दाराआडून मोजत होते. एक तिची, एक माझी, एक शमूची. तिनं परात उचलून कोनाड्याला लावली.

तेवढ्यात अंगणात कोंडाजी खाकरला.

शमू ओट्यावरच बसला होता. तो म्हणाला, "बाबा, ज्याची भाकर व्हती तो आता आलाय. आता न्हाई मिळायची."

कोंडाजीनं आपल्या चांगल्या डोळ्यानं त्याला खालवर पाहिलं. "शमू व्हय तू?" त्यानं हात जोडले. "लई बरं झालं लेकरा. म्हातारीनं लई वाट बघितली रं तुझी." त्याच्या बोलण्यात नाराजी औषधालासुद्धा नव्हती. खांद्यावरची पिशवी सारखी करून तो मागं वळला.

"कोंडाजी, बस," मावशी आतून म्हणाली.

कोनाड्याची परात पुन्हा खाली आली. पीठ पडल्याचा आवाज, पाण्याचा आवाज. शमूची मान ताठ झाली. मावशी मळता मळता उठली आणि तशाच पिठाच्या हातानं दारात येऊन उभी राहिली.

"शमू, देवानं माझं ऐकलं न्हाई," ती म्हणाली. "का न्हाई ऐकलं, ते मी वर गेल्यावर त्याला विचारीन, सोडायची न्हाई. पर तू उपाशी निजलास हे कळल्यावर मी ह्या म्हाताऱ्याला उपाशी धाडू व्हय? आजवर मी अंदाजानं घालत व्हते. उपाशी पोट कसं आसतं, ते आज माझ्या लेकानं मला सांगितलं."

आत भाकरीचा खरपूस वास सुटला. मावशीनं ती कोंडाजीच्या हातावर ठेवली, आणि तो जेवायला लागला तरी शमू तसाच पाटाच्या पाण्याकडं बघत बसलेला. मग तो उठला, रांजणातून तांब्या भरला आणि म्हाताऱ्यापुढं नेऊन ठेवला.

पुढच्या रविवारी मी उपासनेत मावशीच्या शेजारी बसले होते. प्रार्थनेत भाकरीची ओळ आली आणि मी सवयीनं तिच्या चढत्या आवाजाची वाट बघितली. तो चढला नाही. ती पुढंही गेली नाही. सगळ्यांबरोबर, सगळ्यांच्या आवाजात तिनं ती ओळ म्हटली, आणि मला शेजारी बसून रडू आवरेना.

शमूला परत कामावर जायचं होतं. सुनेचं पहिलंच बाळंतपण, तिला माहेरचं कुणी नाही. आदल्या दिवशी मावशीनं मला विचारलं, "पोरी, जाऊ का गं मी?"

'नको' हा शब्द माझ्या जिभेवर तयार होता. "जा की," मी म्हटलं. "लेकाकडं नाही जायचं तर कुठं जायचं?"

तिनं माझ्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. भाकरीच्या नेमाबद्दल ती काहीच बोलली नाही. तू चालवशील का, असं विचारलं नाही, शब्द मागितला नाही. शब्दात कुणाला बांधून घ्यायचा तिचा आता जीव उरला नसावा, देवालासुद्धा नाही. फाट्यावर एस.टी. आली. खिडकीतून हात बाहेर काढून तिनं माझ्या कानशिलांवरून बोटं फिरवून कडाकडा मोडली आणि म्हणाली, केसांना तेल लावत जा. मला तिला एकदा आई म्हणायचं होतं. कंडक्टरनं घंटी दिली आणि ते राहून गेलं.

त्या संध्याकाळी मी माझ्यापुरतं पीठ घेतलं, मळलं, आणि मग उठून आणखी थोडं घेतलं. माझ्या हातची भाकरी म्हणजे नकाशाच असायचा, तरी फडक्यात गुंडाळून झाकून ठेवली. कोंडाजी आला. हातावरची ती वेडीवाकडी भाकरी बघून त्यानं विचारलं, "आता ही कुणाची म्हनायची?"

"मावशीची," मी म्हटलं. "आली तर आजच."

ती आली नाही. आधी नातवाचं करण्यात अडकली, मग धागे-कापसाच्या त्या हवेनं तिला दमा जडला, असं कुणाकुणाकडून कळायचं. एका मे महिन्यात मी भिवंडीला गेले तर ते लोक चाळ सोडून दुसरीकडं गेलेले, कुठं ते कुणाला ठाऊक नव्हतं. परतीच्या एस.टी.त माझ्या पिशवीत तिच्यासाठी नेलेली तांदुळजाची भाजी सुकून गेली. त्यानंतर बातमीही येईनाशी झाली. कोंडाजी गेला, शाळेची इमारत बदलली, मी निवृत्त झाले. लग्न म्हणाल तर जमता जमता राहिलं. मावशीनं घर माझ्या नावे केलं वगैरे काही झालं नाही, मी आपली भाडेकरूच राहिले. पण दिवस बुडताना दाराकडं बघायची सवय काही सुटली नाही. ती येणार नाही हे बुद्धीला कळत होतं. कान मात्र बाभळीपाशीच असायचे.

मग एका संध्याकाळी अंगणात कुणीतरी खाकरलं. मी भाकरी आणि तांब्या घेऊन बाहेर आले. पांढऱ्या केसांचा एक माणूस बाभळीखाली उभा होता आणि पुढं येत नव्हता. त्या न येण्यावरूनच मी त्याला ओळखलं.

"आई गेली," शमू म्हणाला. "पौषात."

आम्ही ओट्यावर बसलो. रडू नंतर येणार होतं, तेव्हा नुसतं रिकामं वाटत होतं. मधे फडक्यातली भाकरी होती. तिच्याकडं बोट दाखवून त्यानं विचारलं, ही कुणाची.

"तुझ्या आईची," मी म्हटलं. "रोज असते. आज तू खा."

तो माझ्याकडं बघतच राहिला. मग म्हणाला, "तिकडं बी रोज एक आसायची. यंत्रमागावरची पोरं यायची संध्याकाळची, त्यांना द्यायची. म्या एकदा म्हटलं, आई, मी हाय की आता समोर, मग ही कुणाची ठेवतीस? तर म्हणली, सुगंधाची."

मी तांब्या त्याच्याकडं सरकवला.

"म्हणली, ती बोर्डिंगात वाढलीया, तिच्यासाठी कुणी कधी ठेवली न्हाई."

मी तिला हे कधीच सांगितलं नव्हतं.

शमूनं फडकं सोडलं. भाकरी मोडली आणि अर्धी माझ्यापुढं धरली. ज्या ओट्यावर कोंडाजी बसायचा तिथं बसून आम्ही दोघांनी ती खाल्ली, शेवटच्या तुकड्यापर्यंत. दिवस बुडत होता. पाटाच्या कडेनं कुणीतरी वाटसरू येत होता, म्हणून मी उठले आणि पुन्हा पीठ घ्यायला आत गेले.